देव्हारा, गणेशपट्टी, पाळणा: गोव्यातलं कोरीव लाकूडकाम ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: फोंडा तालुक्यातल्या जुन्या घराची वाटणी झाली. त्यात एक कोरीव देव्हारा, दारावरची गणेशपट्टी, लाखेचा रंगीत पाळणा आणि घोडेमोडणीच्या (शिगम्यात कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून करायच्या नाचाच्या) घोड्याचं लाकडी तोंड वाट्याला आलं. किनारपट्टीवरचा एक व्यापारी म्हणतो, ‘दोनशे वर्षांचं, अस्सल च्याऱ्यांचं काम.’ घरातले म्हणतात, देव्हारा आजोबांनी कुठून तरी विकत आणला होता. काम गोव्यातलं आहे का, किती जुनं, आणि कारागिराचं नाव कळेल का?

आधी एक विनंती. काहीही पुसू, घासू किंवा पॉलिश करू नका. ओला फडका, कॉस्टिक सोडा, पॉलिश कागद, खोबरेल, कशालाच हात लावू नका. वस्तू कुठली आणि केव्हाची हे सांगणारा निम्म्याहून जास्त पुरावा वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असतो: रंगाचे थर, तेलाची काजळी, हत्यारांच्या खुणा. धूळ फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटका. उचलताना देव्हारा महिरपीला किंवा खांबाला धरून नव्हे, तळाला हात घालून उचला. जुना सरस सुटलेला असतो, खांब हातात येतो.

आता नावाचं. आपल्याकडच्या थवयांनी, मेस्तांनी, म्हणजे सुतार-कारागिरांनी, कामावर सही करायची पद्धत नव्हती. त्यामुळे ‘कोणी केलं’ या प्रश्नाचं उत्तर चार पायऱ्यांनी शोधावं लागतं: कुठल्या मुलखातलं, कुठल्या परंपरेतलं (देवळाचं, चर्चचं, घरगुती की लोकखेळ करणाऱ्या खेळ्यांचं), कुठल्या घराण्याच्या पद्धतीचं, आणि सर्वांत शेवटी कुठल्या हाताचं. पहिल्या दोन पायऱ्या चिकाटीने पाहणाऱ्याला जमतात. तिसरीसाठी त्याच पंचक्रोशीतलं खात्रीचं काम शेजारी ठेवून बघावं लागतं. चौथी कागदाशिवाय चढू नये. व्यापारी नेमका चौथीवरून सुरुवात करतो, म्हणून त्याच्या बोलण्याला पुरावा मानू नका. ‘च्यारी’ एवढ्यानेही काही ठरत नाही. त्या आडनावात सुतार आहेत तसे लोहारही आहेत, आणि सुतारांतही दारं-खिडक्या करणारा वेगळा, मूर्ती कोरणारा वेगळा.

लाकूड

गोव्याच्या जुन्या कामात साग, शिसव, फणस, मत्ती, किंदळ, शिवण ही लाकडं येतात. मुखवटे, सोंगांची तोंडं अशा डोक्यावर किंवा अंगावर वागवायच्या वस्तूंना पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड लागतं. वस्तू न कापता लाकूड ओळखायला वजन उपयोगी पडतं. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतो, शिसव २३-२४ किलोच्या आसपास, पांगारा जेमतेम ८-९ किलो. देव्हाऱ्याचा सुटा झालेला खांब काट्यावर ठेवला, त्याची लांबी-रुंदी मोजली, की अंदाज येतो. बारीक कोरीव खांबाला हा हिशोब ढोबळच लागू पडतो, पण साग आणि पांगारा यांत घोटाळा होत नाही.

फणसाची खूण वेगळी. हवेला उघडं पडून ते तपकिरी, कधी जवळजवळ सागासारखं दिसतं, पण तळाशी एखादा ताजा टवका उडालेला असेल तर आत स्पष्ट पिवळं असतं. साग घासल्यावर तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. शिसवीत जांभळट काळ्या रेघा असतात. शिवण फिकट, हलकं, आणि फारसं न तडकणारं.

लाकूड स्थानिक असलं म्हणून काम स्थानिक ठरत नाही, हे मात्र विसरू नका. साग केरळातही आहे, कारवारातही. उलट बाजूने लाकूड जास्त बोलतं: उत्तर हिंदुस्थानी शिसमाचं, एकसारखी द्राक्षवेल कोरलेलं काम किनाऱ्यावरच्या दुकानांत ‘पोर्तुगीज काळातलं’ म्हणून विकतात, ते बहुधा सहारणपूरकडचं असतं.

मागची बाजू

खरी तपासणी इथे होते. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. मागची, तळाची आणि खणाच्या आतली बाजू कारागीर जेवढ्यास तेवढी करून सोडतो. नकली वस्तू बनवणाराही तिथेच कंटाळतो.

खोलीत अंधार करा आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून, साधारण १५ अंशांच्या कोनात आडवा धरा. मागच्या फळीवर काय दिसतं ते पाहा.

दोघांनी मोठ्या करवतीने कापलेल्या फळीवर सरळ, पण थोड्या तिरक्या आणि मधूनमधून कोन बदलणाऱ्या रेघा असतात. गोल पात्याच्या यंत्राने कापलेलीवर कमानीसारख्या रेघा. पट्टा-करवतीच्या रेघा सरळ, एकमेकींना समांतर आणि अगदी सारख्या अंतरावर. हाताच्या रंध्याने साफ केलेल्या फळीवर तंतूंच्या आडव्या दिशेने बोटं फिरवली तर उथळ लाटा लागतात. डोळ्याला दिसल्या नाहीत तरी बोटाला कळतात. वाकसाने (तासायच्या आडव्या पात्याच्या हत्याराने) तासलेली असेल तर बशीसारखे उथळ खळगे. यंत्राच्या रंध्याच्या लाटा मात्र बारीक, एकसारख्या, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

जुन्या फळीची जाडी सारखी नसते. चारही कडांना मोजा. ३ ते ५ मिलिमीटरचा फरक हाताच्या कामात सहज असतो. एकसंध रुंद फळीही जुनेपणाकडे बोट दाखवते. चार-चार इंचांच्या पट्ट्या जोडून केलेली पाठ असेल तर लाकूड महाग झाल्यानंतरचं काम समजा. प्लायवूड असेल तर तो भाग विसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा, याबद्दल वाद नको.

मग सांधे. कुसाचा सांधा (एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला) आणि त्यात आरपार ठोकलेली लाकडी खुंटी ही जुनी पद्धत. खुंटी हाताने तासलेली असेल तर तिचं डोकं नीट गोल नसतं, आणि वर्षं गेल्यावर ती पृष्ठभागाच्या किंचित वर येते, कारण भोवतालची फळी तंतूंच्या आडवी आकसते पण खुंटी लांबीत आकसत नाही. याच कारणाने जुन्या गोल वस्तू पूर्ण गोल राहत नाहीत. देव्हाऱ्यावरचं कातीव कमळ किंवा गोल तबक तंतूंच्या दिशेने आणि त्याच्या आडवं मोजा. आडवं माप कमी भरलं पाहिजे. दोन्ही मापं तंतोतंत सारखी असतील तर दोनशे वर्षांची गोष्ट सोडून द्या.

खिळे पाहा. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता, आणि डोकं वेडंवाकडं. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या आधी असूच शकत नाही. सांध्यातून पांढरट, रबरासारखा चिकट पदार्थ बाहेर आला असेल तर तो फेव्हिकॉलच्या जातीचा, आणि फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ साली. जुना सरस तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो.

इथे एक चूक हटकून होते. एक नवा स्क्रू दिसला की लोक सगळी वस्तू नवी म्हणतात, आणि एक घडीव खिळा दिसला की सगळी जुनी. दोन्ही चूक. जुना खिळा मोडक्या दारातून काढून नव्या वस्तूत ठोकता येतो. नवा स्क्रू दुरुस्तीचा असू शकतो. म्हणून भोक पाहा. स्क्रूच्या शेजारी जुन्या चौकोनी खिळ्याचं रिकामं भोक आणि भोवती गंजाचा काळा डाग असेल तर ती दुरुस्ती. तसं काहीच नसेल आणि सगळे सांधे स्क्रूवरच उभे असतील तर वस्तू स्क्रूच्या काळातली.

कीड लागलेली असेल तर तीही पुरावा आहे. घुणाची भोकं वरून गोल दिसतात, पण आत वाट वळत जाते. बारीक सुई घातली तर ती अर्ध्यावर अडते. ड्रिलने पाडलेलं खोटं भोक सरळ आणि सारख्या खोलीचं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, कोरीव पृष्ठभागावर घुणाच्या वाटा उघड्या चरांसारख्या आडव्या दिसल्या तर सावध व्हा. घुण पृष्ठभागाखालून पोखरतो, वरून चर पाडत नाही. चर उघडे दिसतात याचा अर्थ लाकूड आधी पोखरलं गेलं आणि नंतर कोणी तरी ते कोरलं. म्हणजे जुन्या तुळईवर नवी कोरणी. बाजारात हा प्रकार सर्रास चालतो.

देव्हारा आणि गणेशपट्टी: हात वाचणं

तुमच्या देव्हाऱ्याला पिळाचे खांब आणि काट्यांसारख्या कडांची मोठी पानं आहेत, म्हणून तो ‘चर्चमधून आलेला’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या सोनेरी आल्तारांबरोबर (वेदींबरोबर) ही नक्षी इथे रुळली आणि इथल्या कारागिरांच्या हातात बसली. ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून घडवून घेऊ नयेत अशा आज्ञा सोळाव्या शतकात निघाल्या होत्या. ते पुन्हापुन्हा बजावावं लागलं, यावरूनच कळतं की काम त्यांच्याकडेच जात होतं. तोच हात पुढे फोंड्याकडच्या देवळांत पिळाचा खांब कोरतो आणि त्याच्या माथ्यावर केळफूल बसवतो. चर्चच्या व्यासपीठांखाली कमरेपासून खाली वळणं घेत जाणाऱ्या नागिणीसारख्या आकृत्या दिसतात, त्या याच देवघेवीतल्या. तेव्हा पिळाचा खांब, देवदूताचे पंख, फुलदाणी यांच्याशेजारी कमळ, पोपट, कीर्तिमुख, गजलक्ष्मी सुखाने नांदत असतील तर गोव्याचा दावा उलट बळकट होतो.

पण नक्षीवरून वय ठरवू नका. ही पद्धत सतराव्या शतकात रुजली आणि विसाव्या शतकातही कोरली जात होती. नक्षी फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते.

हात ओळखायचा तर मोठ्या गोष्टी सोडून द्या. गणपतीची बैठक, सोंड, मुकुट हे खाक्यावरून, म्हणजे आधी काढलेल्या आराखड्यावरून, येतं, आणि खाका एका घराण्यात तीन पिढ्या फिरतो. कारागीर जिथे विचार न करता हत्यार चालवतो तिथे त्याचा हात सापडतो. कानाची आतली वळी, पापणीची कड, पायाच्या बोटांची नखं, पानाचं टोक कुठे दुमडलं, पानाची मधली शीर एका झटक्यात ओढली की दोन काप देऊन काढली. जमीन, म्हणजे उठावामागचा सपाट भाग, कशी सोडली आहे? काही जण ती पटाशीच्या पैलूंसह ठेवतात, काही ठशाच्या खिळ्याने बारीक ठिपके मारतात. ठिपके असतील तर भिंगातून एकाच ठिपक्याचा आकार बघा. तो खिळा कारागिराने स्वतः घासून केलेला असतो आणि त्याची किंचित तुटकी कड प्रत्येक ठिपक्यात उमटते. दोन वस्तूंवर तोच तुटका ठिपका सापडला तर दोन्ही एकाच हत्यारपेटीतून निघाल्या असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं.

गणेशपट्टीत आणखी एक पाहायचं: गणपती चौकटीच्याच लाकडातून उठवलाय की वेगळा कोरून चिकटवलाय. लाकडाच्या रेघा जमिनीतून मूर्तीत अखंड जातात का ते बाजूने बघा. चिकटवलेला असेल तर रेघांची दिशा किंवा अंतर तुटतं. अखंड पट्टीत उठाव बहुधा इंच-दीड इंचाच्या आत राहतो, कारण फळीची जाडीच तेवढी. त्याहून खूप उंच मूर्ती दिसली तर जोड शोधा. पट्टीच्या दोन टोकांना चौकटीत बसण्याच्या कुशी आहेत का, आणि त्या मोडताना तुटल्या की करवतीने नंतर कापल्या, हेही टिपून ठेवा. वस्तू तुमच्याच घराच्या दारावरची होती याचा तोच पुरावा.

संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेलं काम अलीकडे फार सफाईदार येतं. ते दोन ठिकाणी पकडलं जातं. आतल्या कोपऱ्यात पटाशीचा टोकदार काप नसतो, बारीक गोलाई राहते, कारण फिरतं पातं कोपऱ्यात पोहोचत नाही. आणि आडव्या उजेडात गालावर, पोटावर समांतर बारीक पायऱ्या दिसतात. डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी हुबेहूब असेल तर संशय घ्या. हाताने कोरलेले दोन पोपट कधीच सारखे उतरत नाहीत.

तुलनेसाठी लांब जायला नको. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या सभामंडपातले कोरीव लाकडी खांब आणि बांदोड्याच्या महालक्ष्मीच्या देवळातल्या विष्णूच्या लाकडी मूर्ती बघा. विष्णूच्या २४ रूपांपैकी १८ तिथे एका रांगेत आहेत. चर्चच्या बाजूची कोरणी पाहायला जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते १९९४ साली राशोलला सुरू झालं आणि २००२ साली इथे आलं. देवळात फोटो काढायला समितीची परवानगी घ्या. तुमच्या वस्तूचा आणि तिथल्या कामाचा फोटो एकाच अंतरावरून, एकाच बाजूच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढला तरच तुलनेला अर्थ आहे.

रंग आणि पॉलिश

देव्हाऱ्याच्या लपलेल्या कोपऱ्यात, मोहरीएवढ्या जागेवर, कापसाच्या काडीने स्पिरिट लावा. पॉलिश मऊ होऊन काडीला तपकिरी लागलं तर लाखेचं पॉलिश. पीयू किंवा मेलामाइन या आजच्या पॉलिशांवर काहीच होत नाही. अतिनील किरणांचा छोटा टॉर्च मिळाला तर अंधारात लाखेचं पॉलिश नारिंगी झळकतं. मधेच एखादा खांब झळकला नाही, की तो नंतर बदललेला किंवा नव्याने रंगवलेला. जोडकाम पकडायला यासारखं साधन नाही. स्पिरिटची चाचणी रंगवलेल्या किंवा सोनेरी मुलाम्याच्या भागावर करू नका, मुलामा कायमचा जातो. तिथे निघालेल्या टवक्याची कड भिंगातून बघा: जुन्या मुलाम्यात लाकडावर पांढरा थर, त्यावर तांबड्या मातीचा आणि त्यावर सोन्याचा वर्ख असा क्रम असतो. थेट लाकडावर सोनेरी रंग असेल तर तो डब्यातला.

पाळणा

लाखेचं काम म्हटलं की गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं (लाखकाम करणाऱ्या कारागिरांचं) नाव येतं. पण शेजारी सावंतवाडी आहे, आणि दोन्हीकडची लग्नाची भांडी-पाट-पाळणे इकडचे तिकडे गेलेले आहेत, त्यामुळे नुसत्या रंगावरून गाव ठरवू नका.

आधी लाख आहे का ते बघा. खऱ्या कामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते. म्हणून रंगाचे पट्टे गोलाकार फिरतात, ब्रशचा माग कुठेच नसतो, आणि टवका उडाला तर खाली थेट लाकूड दिसतं. ऑइलपेंट सालीसारखा सुटतो. मग पाळण्याचे दांडे एकेक करून जाडीला मोजा. डोळ्याच्या अंदाजाने कातलेल्या दांड्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो आणि कंगोऱ्यांची उंचीही थोडी चुकते. सगळे दांडे सारखे आले तर यंत्रावरचं काम. सोळांतला एखादाच वेगळा आला तर तो बदली दांडा.

मुखवटे किंवा रंगीत बाहुल्याही घरात निघाल्या तर कर्नाटकातल्या किन्हाळच्या कामाशी गल्लत होते. किन्हाळच्या कामात रंगाखाली भुसा आणि चिंचोक्याच्या खळीचा लगदा, चिंध्यांचे तुकडे असा थर असतो. टवक्यात कापडाचे धागे दिसले तर गोव्याबाहेर शोध घ्या. पेरणी जागर या गोव्यातल्या लोकनाट्याचे जुने लाकडी मुखवटे हा आणखी वेगळा विषय. ते बाजारात दिसले तर विकत घेण्याआधी कुठल्या कुटुंबाचे हे विचारा, कारण ते खेळण्याचा मान ठरावीक घरांचा असतो.

कागद

नाव हवं असेल तर ते लाकडात नाही, खर्चाच्या वहीत सापडतं. देवस्थानाच्या जुन्या जमाखर्चात, मोडीतल्या वह्यांत, पालखी, मखर, रथ यांच्या दुरुस्तीला कोणाला किती दिलं याच्या नोंदी असतात. चर्चच्या वह्या पोर्तुगीजमध्ये. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची आहे, तिथेही शोधता येतं, पण आधी कुळाच्या देवळाची समिती गाठा. घरातल्या जुन्या हिशोबाच्या वह्या, लग्नाच्या याद्या, गहाणखतं फेकू नका. ‘देव्हारा, मेस्त अमुक, रुपये इतके’ एवढी एक ओळ शंभर तज्ज्ञांच्या मतांपेक्षा मोलाची. आजोबांनी विकत आणला असं घरचे म्हणतात तर कोणाकडून, कुठल्या वर्षाच्या आसपास, हे सांगणारी माणसं असताना विचारून लिहून ठेवा.

निष्कर्ष लिहिताना शब्द मोजून वापरा. कागद आणि हात दोन्ही जुळले तरच ‘अमक्याचं काम’. हात जुळतो पण कागद नाही, तर ‘अमक्याच्या घराण्यातलं असावं’. नुसती पद्धत जुळते तर ‘फोंड्याकडच्या पद्धतीचं’.

विकायचं असेल तर

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. त्या व्यापाऱ्याकडे तो मागा. तो ‘दोनशे वर्षांचं’ म्हणतो आणि परदेशी गिऱ्हाइकाचं नाव घेतो, तर त्यातलं काही तरी एकच खरं असू शकतं. लाकडी मूर्तींच्या नोंदणीबद्दल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. एखाद्या मूर्तीचे हात किंवा चेहरा हस्तिदंती असेल तर ती विकायचा विचारच करू नका, हस्तिदंताची खरेदी-विक्री बेकायदा आहे.

पावसाळ्यात वस्तू भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून, जमिनीपासून वर, सुती कापडाखाली ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलीत तर आत दमटपणा कोंडून बुरशी येते आणि रंग टवक्यांनी सुटतो. खाली ताजी पिठासारखी पावडर पडत असेल तर घुण जिवंत आहे. काळ्या कागदावर वस्तू ठेवून दोन दिवसांनी पाहिलं की कळतं.

घोड्याच्या तोंडाबद्दल मुद्दाम शेवटी लिहितो. त्याचं वय ठरवणं कठीण, कारण शिगमा जवळ आला की त्याची रंगरंगोटी होत राहते आणि मूळ कोरणी थरांखाली बुजते. मानेच्या आत, जिथे ते सांगाड्याला बांधतात, तिथे रंग पोहोचलेला नसतो. लाकूड आणि हत्यारांच्या खुणा तिथेच बघा. दोरीने झिजलेल्या खाचा असतील तर ते खरोखर नाचवलेलं आहे. आणि तसं असेल तर ते तुमच्या घराचं होतं की गावच्या मांडाचं (शिगम्याचे खेळ होतात त्या सामायिक जागेचं), तुमच्याकडे फक्त सांभाळायला ठेवलेलं, हे वडीलधाऱ्यांना आणि मांडाच्या मानकऱ्यांना विचारल्याशिवाय त्याचा सौदा करू नका. मांडाचं निघालं तर वाटणीच्या यादीतून ते काढावं लागेल.